ताटं परत येत नाहीत

३ तारीख, मंगळवार

हॉटेलातली ऑर्डरची पॅडं गठ्ठ्यानं उरली आहेत. प्रत्येक पानावर ‘टेबल नंबर’ असं छापलंय आणि पुढे रेघ. ती रेघ मी रिकामी सोडते आणि खाली लिहिते. कोरा कागद टाकून द्यायला जीव होत नाही, आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिखाण.

काल लेक परत गेली. जाताना तिचा जुना फोन माझ्या हातात ठेवून गेली. विषय हॉटेलचाच निघाला होता. जागेची मालकीण महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तोवर मी हॉटेल परत सुरू करते म्हटलं तर जागा माझ्याकडे राहील, नाहीतर ती समोरच्या मोबाईलवाल्याला देणार. त्याचं आत्ताचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट आहे. आमच्या जागेवर त्याचा डोळा आहे. आयत्या बिळावर नागोबा.

मी लेकीला म्हटलं, "मी चालवीन."

"आई, तू स्वयंपाकघराच्या बाहेर कधी आलीयस का? गल्ल्यावर कोण बसणार? गिऱ्हाइकांशी कोण बोलणार?"

"शिकेन."

"मग आधी फोनवर चालवून दाखव," ती हसत म्हणाली. "हॉटेल चालवायचे गेम असतात. दोन-चार घालून देते. खेळ, आणि त्यातला कुठला चांगला ते मला सांग."

हसत म्हणाली असली तरी मुद्दा बरोबर आहे. लग्न झाल्यापासून मी शेगडीपाशी आणि हे गल्ल्यावर. मध्ये भिंत, भिंतीला खिडकी. खिडकीतून ऑर्डर आत यायची, ताट बाहेर जायचं, खरकटं ताट परत यायचं. पलीकडे लोक जेवत असताना मी तिकडे कधी गेले नाही. आता हे नाहीत, वर्ष होत आलं. तेव्हा परीक्षा द्यायची. गेममध्ये जमलं तर शटर उघडायचं, नाही जमलं तर किल्ली मालकिणीच्या हातात.

४ तारीख, बुधवार

पहिल्या गेमचं नाव इंग्रजीत आहे, माझी जीभ वळत नाही. मी त्याला घाईचा गेम म्हणते. हेही गिऱ्हाइकांना अशीच नावं ठेवायचे. खिडकीतून आवाज यायचा, "अर्धा-चहा आलेत, भात कमी." "भांडणारं जोडपं आलंय, दोन सूप." "मटारवाले, नेहमीचं." चेहरे मला माहीत नाहीत, नावं मात्र सगळी पाठ.

घाईच्या गेममध्ये माणसं डोक्यावर एक पट्टी घेऊन दारातून आत येतात. पट्टी आधी हिरवी असते, मग पिवळी, मग लाल. लाल झाली की पाय आपटत निघून जातात. आपण बोटानं ताट उचलायचं, टेबलावर ठेवायचं, टेबल पुसायचं, पुढच्याला बसवायचं. माझी बोटं जाड. सूप मागणाऱ्याला पाव जातो आणि पाव मागणारा लाल होतो. आज माझ्या हॉटेलातून जेवून गेले त्याहून जास्त लोक उपाशी गेले.

एक मात्र बरं आहे. कोण किती चिडलंय ते डोक्यावर दिसतं. खरी माणसं अशी पट्टी लावून आली असती तर यांचं अर्धं काम वाचलं असतं.

६ तारीख, शुक्रवार

आता बोट बसलं. दहावी पायरी ओलांडली. दर डावानंतर जाहिरात लागते आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की चष्मा लावूनही सापडत नाही. पण माझी तक्रार वेगळीच आहे. या गेममध्ये ताटं परत येत नाहीत.

गिऱ्हाईक जेवतं, ताट जागच्या जागी नाहीसं होतं आणि तिथे एक नाणं उगवतं. नाण्यावरून मला काय कळणार? मला माणसं कळायची ती परत आलेल्या ताटावरून. भात कमी सांगूनही अर्धा-चहा दोन घास ठेवायचे. ते उरले नाहीत तर समजायचं, आज सकाळपासून पोटात काही नाही. भांडणाऱ्या जोडप्याचं एक ताट चाटूनपुसून यायचं आणि एक तसंच भरलेलं. एके दिवशी दोन्ही सारखी रिकामी आली, तेव्हा मी खिडकीतून विचारलं, "मिटलं वाटतं?" हे म्हणाले, "तुला आत बसून कसं कळतं गं?"

मटारवाल्यांची तर कमाल. ते मटार ताटाच्या काठाला ओळीनं लावून ठेवायचे, एकापुढे एक. मला वाटलं, कच्चे राहिले असतील. मऊ शिजवले, तरी ओळ. चिमूटभर साखर घातली, तरी ओळ. लोण्यात परतले, तरी ओळ. शेवटी मोजकेच वाढले, तर छोटी ओळ. त्या माणसापायी मी वर्षानुवर्षं मटार शिजवायला शिकत राहिले. यांना सांगितलं की नुसते हसायचे.

८ तारीख, रविवार

लेकीचा फोन आला. मी अहवाल दिला. घाईचा गेम हाताला चांगला, डोक्याला वाईट. ती म्हणाली, "आई, तू नीट जेवतेस ना?" मी म्हटलं, गेमबद्दल बोल. मग तिनं दुसरा कसा आहे ते विचारलं.

दुसरा गेम झोपाळू आहे. त्यात काहीच करायचं नसतं. हॉटेल आपलं आपण चालतं. सकाळी उघडलं की लिहून येतं, ‘तुम्ही नसताना तुमच्या हॉटेलाने एवढी कमाई केली.’ आमचं हॉटेल आम्ही नसताना नुसतं बंद असतं. लेक म्हणाली, लोकांना हाच प्रकार जास्त आवडतो, वेळ जात नाही त्यात. माझ्याकडे वेळ सोडून दुसरं आहे काय? मी तो काढून टाकायला सांगितला. कसा काढायचा ते तिनं सांगितलं, पण मला जमलं नाही, म्हणून तो तसाच आहे आणि कमावतोय.

फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. दुपारी एकटीसाठी काय शिजवायचं, म्हणून सकाळचाच पाव चहात बुडवून खाल्ला.

११ तारीख, बुधवार

फोन गपकन बंद पडला. जवळ दुकान एकच, समोरच्या मोबाईलवाल्याचं. शत्रूच्या दारात जावं लागलं.

पन्नाशीचा माणूस आहे, डोक्यावरचे केस गेलेले, बोटं मात्र नाजूक. त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? इतकी वर्षं त्याच्या समोरच्या इमारतीत मी भात लावला, पण मागच्या दारानं आले आणि मागच्या दारानं गेले. या रस्त्यावर मला ओळखणारं एक माणूस नाही. हे चालत निघाले की प्रत्येक दारातून हाक यायची, आणि मी भाजीची पिशवी घेऊन दहा पावलं मागे असायचे.

त्यानं फोन उघडला, फुंकर मारली, बारीक ब्रशनं काहीतरी झाडलं. पडदा उजळला आणि त्यावर घाईचा गेम.

"कोण खेळतं हे?"

"मी."

"छान आहे. मी पण खेळायचो. तेविसाव्या पायरीवर अडकलो." मग बंद शटरकडे मान करून म्हणाला, "ती समोरची जागा घेतोय मी. आता खऱ्याच हॉटेलात बसेन. त्यांची कपाटं तेवढी काढावी लागतील."

आमची कपाटं. मी विचारलं, किती झाले? तो म्हणाला, फुंकर मारायचे काय घ्यायचे? मी थँक्यू म्हणून आले. चांगला वागला याचाच जास्त राग आला.

१३ तारीख, शुक्रवार

तिसरा गेम सजावटीचा. पडदे, झुंबरं, भिंतींचे रंग, कोपऱ्यात कारंजं. तीन दिवस झाले, अजून कोणी जेवायला आलेलं नाही, कारण अजून शेगडी घेतलेली नाही. शेगडी सातव्या पायरीवर मिळते आणि कारंजं पहिल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

१५ तारीख, रविवार

चौथा गेम सापडला. हा खरा. यात माणसं कामाला ठेवायची असतात. शेगडीवर कोण, वाढायला कोण, गल्ल्यावर कोण. प्रत्येकाचा चेहरा आपण बनवायचा आणि नाव आपण ठेवायचं.

गल्ल्यावरच्या माणसाला मी पिकलेले केस दिले. मिशी दिली, जाडसर. पोट थोडं पुढे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवायची सोय नाही, तो डोळ्यांवरच बसतो. तेवढं चालवून घेतलं. मग नाव विचारलं. मी लिहिलं, ‘हे’. गेम म्हणाला, नाव फार लहान आहे. आता आली का पंचाईत. यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, मग ते बोटानं कसं लिहू? शेवटी लिहिलं, ‘अहो’. ते चाललं.

आता अहो गल्ल्यावर उभे आहेत. ते तीन वाक्यं बोलतात. ‘या, बसा.’ ‘आज काय घेणार?’ आणि ‘पुन्हा या.’ हे कधी ‘पुन्हा या’ म्हणायचे नाहीत. गिऱ्हाईक उठलं की विचारायचे, "उद्या काय करू?" मला खिडकीतून ऐकू यायचं आणि मी मनात म्हणायचे, तुम्ही काय करणार, करायचं मला आहे.

लेकीला फोनवर सांगितलं, चौथा सगळ्यांत चांगला. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, माणसं नीट उभी राहतात.

१७ तारीख, मंगळवार

दुपारी पडद्यावर पाटी आली, ‘अहो थकला आहे. त्याला विश्रांती द्या किंवा बदला.’

आधी मला रागच आला. थकला? अरे-तुरे कोणाला करतोय हा फोन? मग बघितलं तर खरंच, अहोंच्या डोक्यावरची पट्टी लाल झाली होती. उभे होते, पण मान खाली.

मी फोन बंद करून फडताळात ठेवला. बॅटरी कमी होती.

त्या दिवशीही दुपारच होती. खिडकीतून पुढची ऑर्डर आली नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक नाही, जरा बसावं. मी स्टुलावर बसले, पाणी प्यायले, बरं वाटलं. मग कोणीतरी दुसऱ्याच माणसानं खिडकीतून आत डोकं घातलं. इतक्या वर्षांत त्या खिडकीत मी दुसरं तोंड पाहिलं नव्हतं. तो काय सांगतोय ते कळायच्या आधीच मला कळलं होतं.

आज काही खाल्लं नाही.

१८ तारीख, बुधवार

फोन फडताळातच. दिवसभरात एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी भाजीवाली म्हणाली, "आवाज बसला का हो?"

२० तारीख, शुक्रवार

अहोंना विश्रांती दिली, ते ताजेतवाने झाले. आता अडचण वेगळी. बाराव्या पायरीवर दोन तारे आहेत, तिसरा मिळाला की सगळा गेम उलगडला असं समजायचं. त्यासाठी मात्र स्वयंचलित गल्ला बसवायला हवा. तो बसवायला गेलं की फोन विचारतो, ‘अहो याला कामावरून काढायचे? होय. नाही.’

मी नाही दाबलं.

कारणं लिहून ठेवते, म्हणजे लेकीला सांगता येतील. एक म्हणजे स्वयंचलित गल्ल्याला फार हिरे लागतात, गेममध्ये पैशांच्या जागी हिरेच चालतात. दुसरं, तो ‘या, बसा’ म्हणत नाही. तिसरं, चालू असलेलं माणूस कशाला काढायचं? दुपारी परत विचारलं, मी परत नाही दाबलं. पाटी हटवादी आहे, पण मीही काही कमी नाही. दोन ताऱ्यांवर हॉटेल चालत नाही असं कुठे लिहिलंय?

पण मग परीक्षेचं काय? तिसरा तारा नाही म्हणजे नापास. महिना संपत आला. मालकिणीनं निरोप धाडला, तिच्याकडच्या किल्लीनं मागचं दार उघडून मोबाईलवाला माप घेऊन गेला म्हणून. मला दोन्ही हवंय, अहो गल्ल्यावर हवेत आणि जागाही हवी. असं कुठे होतं का?

२२ तारीख, रविवार

लेक न सांगता आली. फळं घेऊन आली, जणू मी आजारी आहे. म्हणाली, दाखव तुझं हॉटेल. मी चौथा गेम उघडून दिला आणि चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर ती फोन हातात धरून तशीच बसलेली.

"आई, हा कोण?"

"गल्ल्यावरचा माणूस."

"नाव काय ठेवलंयस?" तिनं वाचलं. मग म्हणाली, "हात धुऊन येते."

नळ कितीतरी वेळ चालू होता. पाणी फार वाया घालवते ही मुलगी, लहानपणापासूनची खोड आहे. आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, साबण गेला. साबण बदलायला हवा, भलताच तिखट दिसतोय.

चहा पिताना म्हणाली, "तू शटर उघडून आत गेलीस का एकदा तरी?"

"परीक्षा पास झाले की जाईन. बाराव्या पायरीवर अडकलेय."

"कसली परीक्षा?"

"तूच नाही का म्हणालीस, आधी फोनवर चालवून दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, मी गंमत केली होती. तुझा वेळ जावा म्हणून." मग कप खाली ठेवून म्हणाली, "मला वाटलं, तू दोन दिवसांत कंटाळशील आणि मला रोज फोन करशील."

गंमत केली म्हणे. गंमत असो नाहीतर काही असो, गेम मी सोडणार नाही. जाताना तिनं मला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. तिचंही काहीतरी बिनसलंय बहुतेक, विचारायला हवं होतं.

२४ तारीख, मंगळवार

चार्जरची पिन वाकली. परत शत्रूच्या दारात.

मोबाईलवाला जेवत होता. डबा विकतचा, कागदी खोक्यातला भात. "दोन मिनिटं थांबा हं," म्हणाला आणि खाली मान घालून खात राहिला. मी सहज पाहिलं. खोक्याच्या झाकणाच्या काठाला मटार लावलेले होते. ओळीनं, एकापुढे एक.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मटारवाले."

त्यानं वर पाहिलं. चमचा तसाच हातात. "काय म्हणालात?"

माझी नजर अजून त्या मटारांवरच.

"समोरचे काका मला असं म्हणायचे. खिडकीत तोंड घालून आत ओरडायचे, मटारवाले, नेहमीचं." मग तो उठून उभा राहिला. "तुम्ही खिडकीच्या आतल्या का?"

मला माझं एवढं अचूक वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं. मी म्हटलं, हो.

त्यानं स्टूल पुढे केलं. मी बसले, आणि मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "माझे मटार कच्चे असायचे का हो?"

"नाही हो. मला मटार आवडतच नाहीत. लहानपणापासून."

"मग सांगायचं नाही का? मी साखर घातली, लोणी घातलं."

"सांगितलं होतं की काकांना, पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले, तिला सांगू नका, काठाला लावून ठेवा. ती ताट वाचते. तुमच्यासाठी रोज काहीतरी नवीन करून बघेल." तो जरा ओशाळून हसला. "मला वाटायचं, नवराबायकोची काहीतरी गंमत असेल. आपण कशाला मध्ये पडा. रोज तुम्ही एकदा तरी ओरडायचात आतून, आता काय कमी पडलं म्हणून, आणि काका खूश. नंतर मला ती सवयच लागली. आता या डब्यातले मटारसुद्धा लावतो, बघायला कोणी नाही तरी."

म्हणजे माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट. त्या मटारांपायी मी किती लोणी जाळलं. घरी येईपर्यंत रागानं बडबडत होते, आणि जिना चढल्यावर लक्षात आलं की मी हसतेय.

पिन त्यानं सरळ करून दिली. जागेबद्दल दोघंही बोललो नाही.

२५ तारीख, बुधवार

सकाळी शटर उघडलं. पुढच्या बाजूनं. किल्ली फिरेना, तेल घालावं लागलं.

धूळ सगळीकडे. मी आधी आत स्वयंपाकघरात जाणार होते, पाय आपोआप तिकडेच वळले होते, पण थांबले आणि गल्ल्यावर यांच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. शिकायचं तर तिथूनच.

आणि काय बघते? खुर्ची वाकडी. तोंड दाराकडे नाही, टेबलांकडेही नाही, सरळ खिडकीकडे. मी ती सरळ करायला गेले तर फरशीत चार खड्डे, खुर्चीच्या पायांचे, वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून पडलेले. त्या खुर्चीत बसलं की खिडकीतून फक्त शेगडी दिसते आणि शेगडीपुढे उभं राहायची जागा. दारातून कोण आलं ते बघायला मान मागे वळवावी लागते.

गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं, ही कुठली पद्धत? त्या घाईच्या गेममध्ये असे बसले असते तर सगळी माणसं लाल होऊन निघून गेली असती. मी उगाच समजत होते की हे धंद्यात हुशार. मी खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून ठेवली. फरशी पुसली, टेबलं पुसली, दुपार झाली. जेवायला घरी जावंसं वाटलं नाही. शेगडी पेटवून बघितली, लगेच पेटली.

२७ तारीख, शुक्रवार

लेकीला मीच फोन केला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली. म्हटलं, घाबरू नकोस, गल्ल्याचं विचारायचंय. तो फोन मला रोज एकच विचारतो, होय की नाही. तिसरं काही आहे का?

"आई, त्याच्यावर बोट ठेव आणि दाबून धर. लगेच सोडू नकोस."

मी दाबून धरलं. अहो हवेत उचलले गेले, पाय लटकायला लागले. खाली नवीन पाटी आली, ‘जागा बदला.’

"आता ओढून कुठेही ठेव."

मी ओढत ओढत त्यांना स्वयंपाकघरात नेलं. खिडकीच्या आत, शेगडीजवळच्या स्टुलावर. तिथे ते बसले. उभे नाही, बसले. गल्ल्याची जागा रिकामी झाली आणि तिथे बाण लुकलुकायला लागला.

"झालं?" लेकीनं विचारलं.

"झालं. आता गल्ल्यावर कोण?"

ती म्हणाली, "रविवारी एक दिवस करून बघूया खरंच. मी शेगडीपाशी उभी राहते, तू बाहेर बस. नाही जमलं तर नाही. माझ्या हातचं खाऊन कोणी मेलं तर नाव तुझं."

त्या स्टुलावर मी यांना कधी बसवलं नाही. आत गरम होतं, हे म्हणायचे, मला बाहेरच बरं. आता राहू देत थोडा वेळ आत. मी बघते बाहेरचं.

२९ तारीख, रविवार

शटर उघडलं. चारच टेबलं लावली. बाहेर पाटी नाही, काही नाही, नुसतं उघडं दार. लेक आत माझा अ‍ॅप्रन बांधून, मी गल्ल्यावर, दाराकडे तोंड करून. हात इतके थंड पडले होते की मी ते मांडीखाली घेऊन बसले.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग एक म्हातारे दारात थबकले आणि म्हणाले, "चालू झालं?" मला ‘या, बसा’ म्हणायचं होतं, पण आवाज फुटेना. ते आपले आपण बसले. चहा मागितला, अर्धा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा चेहरा होय. मी समजत होते, कोणीतरी बारीक, किरकिरा माणूस असेल. चांगले गुबगुबीत आहेत.

मग मोबाईलवाला आला. आजूबाजूला बघत म्हणाला, "म्हणजे मी कपाटांचं माप उगाच घेतलं."

"रोज लेक यायची नाही," मी म्हटलं. "शेगडीवरही मीच असेन. खिडकी मोठी करून घेईन, आतूनच बोलेन. चार टेबलं झेपतील मला. मालकिणीला उद्या सांगते. तुम्हाला राग आला असेल."

"आलाय थोडा," तो म्हणाला. "जेवून बघतो, जातोय का."

मी खिडकीत तोंड घातलं. तोंडून आवाज निघेल की नाही शंका होती, पण निघाला, आणि चांगला मोठा निघाला. "मटारवाले. नेहमीचं."

आतून लेक ओरडली, "नेहमीचं म्हणजे काय?"

तिनं भातात मीठ जास्त घातलं होतं, ते मला ताट परत आल्यावर कळलं. अर्धा भात तसाच होता. काठाला मटार होते, ओळीनं. मी ते ताट दोन्ही हातांनी धरून आत दिलं आणि तिला म्हटलं, मीठ कमी कर, आणि मटार असेच येणार, त्यावर डोकं चालवू नकोस.

दुपारी उशिरा सगळं शांत झालं. फोन पिशवीत होता, बाहेर काढावासा वाटला नाही. दाराकडे बघून बघून मान अवघडली, दारात मात्र कोणी नव्हतं. आत भांड्यांचा आवाज येत होता म्हणून मी मागे वळून खिडकीतून पाहिलं. लेक शेगडीपुढे उभी होती. केस मानेला चिकटलेले, पदार्थाची चव घेताना डोळे मिटलेले, आणि काहीतरी पुटपुटत होती. मी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. गिऱ्हाईक येईल, दार बघायला हवं, हे मला कळत होतं. पण नजर काढवेना.

कितीतरी वेळ मी तशीच मान वळवून बसले होते. मग उठले आणि खुर्ची फिरवली. फरशीतल्या खड्ड्यांत तिचे चारही पाय बरोबर बसले.